माझ्या हातात सुरी होती तेव्हा

प्रिय बाबा,

आज तुमचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. विहारात माणसं मावत नव्हती. मूल गावच्या राइस मिलमधले तुमचे जुने हमाल सोबती आले होते, मामा आले होते, आणि ज्यांच्याशी तुम्ही आयुष्यभर भांडलात ते मास्तरसुद्धा आले होते. सगळे तुमच्याबद्दल भरभरून बोलले. शेवटी माझी पाळी आली. मी उठलो, हात जोडले आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. गहिवर होताच, पण तेवढंच नव्हतं. माझ्याआधी मास्तर बोलले होते. "या मानसानं छप्पन साली चांद्याहून दीक्षा घेऊन आल्यावर पह्यलं काम काय केलं? मेलेलं ढोर ओढाचा दोर पाटलाच्या अंगनात नेऊन टाकला. म्हने, आजपासून ज्याचं ढोर त्यानं ओढा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र टाळ्या न वाजवता माझ्या हातांकडे पाहत होती. म्हणून तिथे जे बोलता आलं नाही ते आता तुम्हालाच लिहितो आहे. पाहुणे गेलेत, आई भांडी आवरते आहे, मी विहाराच्या पायरीवर बसलो आहे.

बाबा, मला एकच विचारायचं आहे. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का?

नागपूरला ढोरांच्या डॉक्टरीला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही मूलच्या अख्ख्या बाजारात सांगत फिरला होतात. "माहा पोरगा डॉक्टर होऊन राह्यला." चहाच्या टपरीवर कोणीतरी खोचकपणे विचारलं, "मानसाचा का ढोराचा?" तर तुम्ही कप आपटून म्हणालात, "डॉक्टर तो डॉक्टर! तुले काय करा लागते?" हे मला टपरीवाल्यानेच सांगितलं. माझ्यासमोर तुम्ही मला कधी डॉक्टर म्हणाला नाहीत. तोंडावर कौतुक केलं की पोरगं बिघडतं, हा तुमचा कायदा!

पण तुम्हाला काय वाटलं होतं हो? मी बैलाला 'आ कर' म्हणणार आणि तो जीभ दाखवणार? रोग कळायला मेलेलं जनावर उघडून पाहावं लागतं, हे मी सुट्टीत घरी आल्यावर सांगितलं होतं. एकदा नव्हे, दरवेळी. तुम्ही "हो, हो" म्हणायचात आणि धानाच्या भावावर यायचात. आई उठून चुलीकडे जायची. मी काय करायला हवं होतं? तुम्हाला खुर्चीला बांधून ऐकवायचं होतं?

शिक्षणाच्या शेवटी खेड्यातल्या कामासाठी मला ते मुलचेऱ्याच्या वाटेवरचं गाव मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही, तुम्ही पाहिलेलंच आहे. एका बाजूला जंगल, एका बाजूला धानाच्या बांध्या, मधे तलाव. सकाळी आखरावर सगळ्या गावाची ढोरं गोळा व्हायची आणि ढोरकी ती जंगलाकडे हाकायचा. मी तिथे उभा राहून कोणतं जनावर लंगडतं, कोणाच्या नाकातून पाणी येतं ते पाहायचो. तालुक्याचे डॉक्टर साहेब आठवड्यातून एकदोनदा जीपने यायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. मला ते काम फार आवडायचं, बाबा. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

पहिल्याच दिवशी पाटलाच्या ओट्यावर आडनाव विचारलं गेलं. मी सांगितलं. मग चहा आला तो वेगळ्या कपात आला, आणि राहायच्या खोलीचा विषय कोणी काढला नाही. मी पेटी उचलली आणि आपल्या वस्तीत भागाबाईकडे गेलो. एकटी म्हातारी, दोन शेळ्या, एक म्हैस. "माह्या घरी राह्य बापा, मीठ-भाकर खाय," म्हणाली. तिच्या हातची आंबाडीची भाजी तुम्हीही खाल्लीत. कशी होती, हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

पोळा झाला आणि ढोरं मरायला लागली. गळ्याखाली सूज यायची, जनावर घरघरायचं, लाळ गाळायचं आणि दिवस मावळायच्या आत आडवं व्हायचं. गाव म्हणालं, मातामाय कोपली. कोंबडे कापले गेले. साहेब आले, एका मेलेल्या बैलाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "घटसर्प वाटतोय. पण आधी फाशी नाही ना हे बघू." फाशीच्या रोगाने जनावर मेलं असेल तर ते उघडायचंच नसतं, रोग मातीत पसरतो. कानातून रक्ताचा एक थेंब काढून त्यांनी जीपमधून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फाशी नव्हती. मग त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. "तू कर. मी पाहतो."

बैल बांधीच्या धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाला लागून पडला होता, तिथेच उघडायचं ठरलं. सारं गाव वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नाकाला पदर-दुपट्टे लावून उभं. मी बाह्या सारल्या. गळ्याखालची कातडी चिरली आणि आतून पिवळं, डिंकासारखं पाणी आलं. पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसंच! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला होता. रोग सापडला होता. लस आणता येणार होती. बाकीची ढोरं वाचणार होती.

तेवढ्यात मी मान वर केली आणि तुम्ही दिसलात.

पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात डबा. न कळवता आला होतात. एस.टी.तून उतरून, विचारत विचारत थेट बांधीवर. मी कोपरापर्यंत भरलेला होतो. "बाबा!" म्हणून हाक मारली आणि हात वर केला. त्या हातात सुरी होती. तुम्ही पाहिलंत, पाठ फिरवलीत आणि निघून गेलात.

मी मागे धावलो नाही, कारण धावणार कसा? जनावर उघडं टाकलेलं, साहेब बाजूला उभे, नमुने काढायचे होते. पुरुषभर खोल खड्डा, त्यात चुना, मीठ, वर माती, काटे. सगळं होताच साहेबांनी जीप सुरू केली. नमुने पोचवून लस आणायला मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. वस्तीतल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचा बाप? दुपारच्या गाडीनं गेला असन." मी जीपमध्ये बसलो.

लस घेऊन दोन दिवसांनी परत आलो तेव्हा भागाबाईने डबा पुढे केला. आईने लाखोरीच्या डाळीचे वडे पाठवले होते, त्यातले चार माझ्यासाठी ठेवलेले. "बाप आला होता तुहा," एवढंच ती म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी वडे खाल्ले. मग दिवसभर सुया टोचत फिरलो. साथीमुळे साहेबांनी साऱ्या गावाची ढोरं दावणीलाच बांधायला लावली होती. मनात म्हटलं, काम संपलं की घरी जाऊ, बाबांना समोर बसवू, काय शिव्या घालायच्या त्या घालू द्या.

काम संपायच्या आत निरोप आला. पंधरा-वीस दिवस झाले असतील. तुम्हाला थंडी वाजून ताप, चंद्रपूरच्या दवाखान्यात हलवलंय. मी पोचलो तेव्हा ताप डोक्यात चढलेला होता. तुम्ही मिलमधल्या पोत्यांबद्दल काहीतरी बोलत होतात. आई म्हणाली, "पोरगा आला, पाहा ना." तुमचे ओठ कोरडे पडले होते. मी हात धुतले, चमच्यात पाणी घेतलं आणि तुमच्या ओठाला लावलं.

तुम्ही ओठ मिटलेत आणि तोंड भिंतीकडे केलंत.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. मग आईने माझ्या हातातला चमचा घेतला. तुम्ही तिच्या हातूनही प्यायला नाहीत, पण तोवर तुम्हाला शुद्धच उरली नव्हती. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, मेंदूत हिवताप गेला की माणसाला गिळता येत नाही. खरंच असेल. मी अर्धा का होईना, डॉक्टरच आहे, मला ते कळतं. पण बाबा, मान फिरवायला ताकद लागते ना? ती कुठून आली होती तुमच्यात? सकाळी तुम्ही गेलात.

मी पुन्हा त्या गावी गेलो, कारण शिकायचं काम अर्धं पडलं होतं. आई म्हणाली, "जाय. तुह्या बापाले अर्धं काम आवडत नवतं." साथ संपून गावाची ढोरं पुन्हा आखरावर जात होती, पण वस्तीत शिरलो तर सगळ्यांची ढोरं अजून दावणीला बांधलेली, बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन येत होत्या. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून काही विचारलं नाही. भागाबाईने ताट वाढलं. मला घास जाईना. मी म्हणालो, "बाई, बाबा माझ्यावर रागावून गेले. ढोर चिरताना पाहिलं आणि तसेच माघारी गेले."

भागाबाईने कपाळाला हात लावला. "तुले कोनं सांगतलं माघारी गेला म्हून? तो कुठी गेला? मोहाच्या झाडाखाली उभा होता. तू खड्डा बुजवेपर्यंत उभाच होता बापा. तुही जीप गेली, मंग माह्या दारात आला. म्हने, बाई, त्या डॉक्टरचं बिऱ्हाड इथीच का?"

'त्या डॉक्टरचं.' बाबा, मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

मग तिने पुढचं सांगितलं. तुम्ही तिच्या ओसरीवर झोपलात. सकाळी चहा पीत असताना गावातली माणसं दोर घेऊन वस्तीत आली. पाटलाचा बैल गोठ्यात मेला होता. इतक्या वर्षांत त्या वस्तीत दोर घेऊन यायची कोणाची छाती झाली नव्हती. आता झाली, ती माझ्यामुळे. आदल्या दिवशी गावाने मला पाहिलं होतं. आपल्याच समाजाचा शिकलेला पोरगा ढोर फाडतो, म्हणजे जुनं काम पुन्हा सुरू झालं, असा त्यांनी अर्थ लावला. अन् कसा सरळ अर्थ! "चाला, पाटलाचा बैल पडला. तुमचा डॉक्टर चिरते, तं तुमाले ओढाले काय होते?"

वस्तीतली पोरं काठ्यांकडे पाहू लागली. भागाबाई सांगत होती, तुम्ही कप खाली ठेवलात आणि उठून दारात उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत म्हणे. बाबा, तुमचा आवाज चढला नाही, यावर मी आयुष्यात पहिल्यांदा विश्वास ठेवतो आहे!

"त्यानं चिरलं ते शिकून चिरलं. रोग पाहाले चिरलं. तुमचीच ढोरं वाचाव म्हून चिरलं. तो डॉक्टर होय, त्याचं ते काम होय. ओढाचं काम आमचं नाई. ज्याचा बैल त्याचा दोर."

"मंग आखर बंद होइन तुमच्या ढोराइले."

"करा बंद."

उन्हं चढली, बैल फुगायला लागला, वास सुटला. शेवटी पाटलाच्या दोन पोरांनी आणि एका पुतण्याने नाकाला रुमाल बांधून तो ओढला. साऱ्या वस्तीने दारात उभं राहून पाहिलं. तुम्ही लांबून मागे मागे गेलात. खड्डा गुडघाभर झाला तशी ती पोरं थांबली, तर तुम्ही वरून ओरडलात, "पुरुषभर खना! अन् चुना टाका. काल डॉक्टरनं टाकला तसा." झाडाखालून तुम्ही सगळं नीट पाहिलं होतं. पोर काय करतं ते शिकून घेतलं होतंत.

आखर खरंच बंद झाला होता. वस्तीची ढोरं दावणीला का होती, बाया गवत का वाहत होत्या, ते मला तेव्हा कळलं. लोकांना त्याचा त्रास होता, पण तुमच्याबद्दल वाकडा शब्द मी कोणाकडून ऐकला नाही.

"अन् तो साबन कोनी आनला वाटते तुले?" भागाबाई म्हणाली. मोरीवर लाल साबणाची वडी होती. लस घेऊन आलो त्या दिवसापासून मी तीच वापरत होतो. तुम्ही जायच्या आधी गावच्या दुकानातून आणून ठेवली होतीत. जाताना साऱ्या वस्तीला म्हणालात, यातलं काई त्याले सांगू नका, कामात हाय तो. ती वडी मी वापरून संपवत आणली होती, बाबा. कोणाची, कुठून आली, विचारलंही नव्हतं.

इथेच भागाबाई थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिचं मन स्वच्छ, पोटात काही ठेवता येत नाही. ती म्हणाली, "एक गोष्ट सांगू का नाई, मले समजून नाई राह्यलं." मी म्हटलं, सांग.

तुम्ही तिला सांगितलं होतं, "बाई, लहानपनी माहा बाप ढोर ओढून घरी आला का त्याच्या हातचा घास मले जात नवता. मी तोंड फिरवो. त्यानं एक दिवस मले मारलं, अन् मारता मारता तोच रडला. आता हा माहा पोरगा. त्याचं काम चांगलं हाय, मले समजते. पन घरी आल्यावर त्याच्या हातचं पानी मले पेता येइन का नाई, मालूम नाई गा बाई. आपल्या हातचं पानी कोनी पेत नवतं, अन् आता मीच असा." असं म्हणून तुम्ही तोंडावर दुपट्टा घेतलात.

हे वाक्य घेऊन मी वर्षभर हिंडतो आहे. कधी वाटतं, तो ताप होता, तुम्हाला कळत काहीच नव्हतं. कधी वाटतं, तापात माणूस लहान होतो. तुम्हाला तुमचा बाप दिसला असेल आणि त्याचा हात. माझा नव्हताच. आणि कधी कधी, खरं सांगतो, वाटतं की तुम्हाला सगळं कळत होतं आणि तुम्हाला ते पाणी नको होतं. मग भाताचा घास हातात घेऊन मी तसाच बसून राहतो. आई म्हणते, जेव. मी जेवतो.

तुम्ही आणखी एक दिवस का नाही थांबलात? पाटलाच्या दारात उभं राहायला जमलं, माझ्यासमोर बसायला जमलं नाही? मी येणारच होतो. तांब्या भरून तुमच्यापुढे धरला असता. प्यायला असतात किंवा प्यायला नसतात, पण माझ्या डोळ्यांत पाहून तरी! आणि थांबायचंच नव्हतं, तर दुपारच्या गाडीने खरंच निघून का नाही गेलात? भागाबाईच्या ओसरीला ना दार, ना मच्छरदाणी. पावसाळ्यात तलावाच्या काठाशी तुम्ही उघड्यावर झोपलात. ताप तिथूनच आणला असणार. माझ्यासाठी थांबलात तो ताप घेऊन गेलात. मी कोणावर रागावू?

आईला मी दोराचं सांगितलं, पाटलाच्या पोरांचं सांगितलं, साबणाचं सांगितलं. साबणाचं ऐकून ती पदरात तोंड घालून रडली. पाण्याचं सांगितलं नाही. चमचा तिच्याही हातात होता. ती विसरलेली नाही, हे मला आज विहारात कळलं. ती माझ्या हातांकडे पाहत होती ती रागाने नव्हे, एवढं मला समजतं. पण तिलाही उत्तर ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात मी नोकरीवर रुजू होतोय. असंच जंगलाकडचं गाव आहे, तिथेही एक पाटील असेल, एक वस्ती असेल आणि पावसाळ्यात ढोरं मरतील. रागावला असाल तर तसेच राहा, बाबा. मी हे काम सोडणार नाही. दोर टाकायचा हक्क तुम्ही मिळवलात, सुरी धरायचा मी मिळवला आहे. पण वचन देतो, मी उघडलेलं एकही जनावर आपल्या माणसाच्या खांद्यावर जाणार नाही. दोराला पहिला हात मालकाचा लागेल, नाहीतर मी सुरी पेटीतून काढणारच नाही. तेवढं मी तोंडावर सांगेन, मग माझाही आखर बंद होऊ दे.

आणि उद्या माझं लग्न झालं, लेकरं झाली, आणि एखाद्या दिवशी माझ्या पोराने माझ्या हातचा घास पाहून तोंड फिरवलं, तर मी त्याला मारणार नाही. पुन्हा हात धुईन आणि पुन्हा त्याच्यापुढे बसेन. त्याला नकोच असेल, तर नको. त्याच्याजवळून उठणार मात्र नाही.

तुमचा,
मिलिंद